गर्भस्थिती आणि प्रसव : छत्तिसाव्या आठवड्यातील उदरपरीक्षणाचे महत्त्व

प्रास्ताविक

‘बाळ पायाळू आहे, ते फिरविण्याचे काही औषध आहे का ?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येक वैद्याला आणि औषधालय चालविणाऱ्या प्रत्येक बंधूला केव्हा ना केव्हा विचारला जातो. प्रश्न साधा वाटतो. परंतु आपण त्याचे काय उत्तर देतो यावर पुष्कळदा माता आणि बालक या दोघांचेही प्राण अवलंबून असतात. सातव्या महिन्यात हा प्रश्न आला तर त्याचे उत्तर एक आहे; नवव्या महिन्याच्या मध्यास आला तर उत्तर सर्वस्वी निराळे आहे; आणि पाणमोट फुटल्यानंतर आला तर उत्तर देत बसण्यासही वेळ नाही. उमरोळीसारख्या गावात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे ही तिन्ही प्रकारची गर्भिणी येते. म्हणून गर्भाची स्थिती, तिचा प्रसवावर होणारा परिणाम आणि त्यासंबंधी आपले कर्तव्य यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथोक्त विचार

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात गर्भाचे वर्णन करताना तो मातेच्या पाठीकडे तोंड करून, डोके वर ठेवून, अंगे आखडून कुक्षीत राहतो असे म्हटले आहे. प्रसवकाल उपस्थित झाला की प्रसूतिमारुताच्या योगाने तो फिरतो, अधोमुख होतो आणि अपत्यपथाने बाहेर पडतो. ही प्रकृती होय आणि याहून वेगळे घडणे ही विकृती, असा त्यांचा निर्वाळा आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात गर्भ अंग वाकवून राहतो व प्रसवसमयी स्वभावतःच शिराने योनीकडे येतो असे सांगितले आहे. दोघांच्या वर्णनांत भेद असला तरी दोन गोष्टी समान आहेत. शीर प्रथम येणे हे प्राकृत होय, आणि ही स्थिती प्राप्त होणे हे स्वभावाचे, म्हणजेच वायूच्या सम्यक् गतीचे कार्य होय.

विकृतीचा सविस्तर विचार सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, आठव्या अध्यायात, मूढगर्भ या नावाने येतो. कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ हे चार प्रकार तेथे दिले आहेत. खुंटीप्रमाणे हात, पाय व डोके वर करून मार्ग अडविणारा तो कील. हात, पाय व शीर बाहेर येऊन धड अडकलेला तो प्रतिखुर. एका हातासह शीर पुढे येणारा तो बीजक. आणि दाराच्या अडसराप्रमाणे आडवा पडलेला तो परिघ. विशेष म्हणजे सुश्रुत एवढ्यावर थांबत नाहीत. विगुण झालेला वायू गर्भाला अनेक रीतींनी मार्गात आणतो, त्यामुळे चार ही संख्या अपुरी पडते असे सांगून ते पुढे आठ गती वर्णन करतात. दोन्ही पाय येणे, एकच पाय येणे, स्फिक् म्हणजे नितंब येणे, छाती, कूस अथवा पाठ यांनी योनिद्वार अडणे, मान वळून एक बाहू येणे, दोन्ही बाहू येणे, धड दुमडून हात-पाय-शीर एकत्र येणे, आणि एक पाय योनिमुखाकडे व दुसरा गुदाकडे वळणे, अशा त्या आठ गती होत. यांतील अखेरच्या दोन त्यांनी असाध्य म्हटल्या आहेत.

चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात प्रत्येक गतीनुसार हस्तक्रिया दिली आहे. नितंब आले असता ते वर सारून पाय काढावेत, आडवा आला असता खालचा अर्धा भाग वर ढकलून वरचा अर्धा अपत्यपथाशी सरळ आणावा, इत्यादी. युरोपात पाय धरून गर्भ फिरविण्याच्या क्रियेचे श्रेय सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविद आंब्रोआझ पारे यांना दिले जाते, हे लक्षात घेता आपल्या ग्रंथकारांच्या निरीक्षणाचे मोल कळते. मात्र त्याच अध्यायाच्या आरंभी सुश्रुत जे सांगतात त्याकडे आपले दुर्लक्ष होते. मूढगर्भाच्या उद्धरणाइतके कष्टतम कर्म दुसरे नाही, कारण ते डोळ्यांना न दिसता केवळ स्पर्शाने, यकृत-प्लीहा-आंत्र यांच्या सान्निध्यात करावयाचे असते. म्हणून घरच्या अधिपतीला विचारून, परम प्रयत्नपूर्वकच त्याला हात घालावा. धोक्याची स्पष्ट कल्पना देणे आणि संमती घेणे ही आजची रीत आपल्या संहितेत अशी आधीच आहे.

गर्भ केव्हा व का फिरतो

आधुनिक निरीक्षणानुसार अठ्ठाविसाव्या आठवड्यास सुमारे चतुर्थांश गर्भांचे शीर वर असते. पूर्ण दिवसांच्या वेळी हे प्रमाण शेकडा ३ ते ४ इतकेच उरते. याचा अर्थ, सातव्या महिन्यात ‘उलटे’ असलेल्या बहुसंख्य बालकांना कोणीही काहीही न करता योग्य स्थिती प्राप्त होते. चरकांनी वर्णिलेले परिवर्तन खरे आहे. फक्त ते बहुतेकांत प्रसववेदनांच्या काही आठवडे आधीच पूर्ण झालेले असते.

याचे कारण गर्भाशयाच्या आकारात आहे. गर्भाशय वरच्या बाजूस रुंद व खाली निमुळता असतो. गर्भाचे नितंब आणि दुमडलेले पाय मिळून होणारा भाग शिरापेक्षा अधिक जागा व्यापतो. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत गर्भोदक गर्भाच्या मानाने पुरेसे असल्याने तो मोकळेपणी हालचाल करतो. पुढे जागा कमी होऊ लागली की मोठा भाग रुंद जागेत व शीर निमुळत्या जागेत स्थिरावते. ज्या गर्भाचे गुडघे न दुमडता पाय सरळ छातीवर गेलेले असतात, त्याचे धड फळीला बांधल्यासारखे ताठ राहते व त्यास फिरणे अवघड जाते.

ही स्वाभाविक क्रिया ज्या कारणांनी अडते ती कारणे चिकित्सकाने शोधलीच पाहिजेत. अपुऱ्या दिवसांची प्रसूती, जुळे, गर्भोदक अतिशय जास्त वा अतिशय कमी असणे, अपरा खाली असणे, गर्भाशयातील पडदा अथवा दोन शिंगांसारखा आकार, तंतुमय गाठ, कटीची अरुंदता, आणि अनेक प्रसूतींनी शिथिल झालेले उदर ही त्यांतील प्रमुख होत. अपानवैगुण्य असे एका शब्दात निदान करून मोकळे होणे पुरेसे नाही. अपरा खाली आहे म्हणून गर्भ आडवा राहिला असेल, तर तेथे मूळ संकट रक्तस्रावाचे आहे.

विविध स्थिती व प्रसवावरील परिणाम

१) शीर्षोदय : मान पूर्ण वाकलेली असल्यास शिराचा सुमारे ९.५ सें.मी. व्यासाचा भाग कटीतून जातो. हाच सर्वांत सुलभ प्रसव होय. सर्वांत मोठा व कठीण भाग आधी येतो आणि त्याला कित्येक तास मार्गानुरूप आकार घेण्यास मिळतात.

२) पश्चात्-शीर्ष : शीर खालीच असते, परंतु बालकाची पाठ मातेच्या पाठीकडे असते. मान नीट वाकत नाही, त्यामुळे ११ सें.मी.हून अधिक व्यासाचा भाग पुढे येतो. कंबरेत तीव्र वेदना, दीर्घ प्रसव आणि गर्भाशयमुख पूर्ण उघडण्याआधीच कुंथण्याची भावना ही याची लक्षणे होत. अशी अनेक बालके वेदनांच्या काळात आपोआप फिरतात. शेवटपर्यंत तशीच राहणारी साधारण शेकडा ५ असतात. येथे ‘जोर लाव’ असा आग्रह धरणे अपायकारक ठरते. वेदनेवाचून अकाली प्रवाहण करू नये ही चरक-सुश्रुतांची आज्ञा याच प्रसंगी आठवावी.

३) ललाटोदय व मुखोदय : कपाळ पुढे आल्यास सुमारे १३.५ सें.मी. व्यास आडवा येतो व पूर्ण दिवसांचे मूल त्या स्थितीत योनिमार्गाने जन्मू शकत नाही. मुखोदयात हनुवटी पुढे असेल तर प्रसव संभवतो. ती मागे असेल तर नाही.

४) स्फिगुदय, म्हणजेच ब्रीच : येथे मऊ भाग आधी व शीर सर्वांत शेवटी येते. शिराला आकार घेण्यास तास नव्हे तर काही मिनिटेच मिळतात, आणि त्याच वेळी नाभिनाडी शीर व कटी यांच्यामध्ये दाबली जाते. हात वर गेले तर संकट वाढते. अपुऱ्या दिवसांच्या बालकात धड निसटून बाहेर येते व अर्धवट उघडलेल्या गर्भाशयमुखात शीर अडकते. पाय पुढे असणाऱ्या प्रकारात योनिमुख नीट भरले जात नसल्याने पाणमोट फुटताच नाळ निसटण्याचा धोका विशेष असतो.

५) तिर्यक् स्थिती, म्हणजे आडवे मूल : पूर्ण दिवसांच्या जिवंत बालकाचा या स्थितीत प्रसव होण्याचा कोणताही नैसर्गिक मार्ग नाही. वेदना सुरू राहिल्या तर हात बाहेर येतो, खांदा अडकतो, आणि शेवटी गर्भाशय विदीर्ण होतो. परिघाची उपमा किती यथार्थ आहे हे येथे कळते. दार अडसराने बंद असताना बाहेरून कितीही जोर लावला तरी ते उघडत नाही, मोडते.

‘पायाळू’ माणसाविषयी आपल्याकडे अनेक समजुती आहेत. त्याच्या पायाने कंबरेतील उसण जाते, त्याला गुप्तधन दिसते, त्याच्यावर वीज पडते, इत्यादी. या समजुती जगलेल्या पायाळूंविषयी आहेत. जे जन्मतानाच गेले त्यांची कोणी गणना ठेवली नाही. ‘माझा भाऊ पायाळूच जन्मला, घरीच जन्मला’ असा दाखला नातेवाईक देतात तेव्हा वैद्याने हे ध्यानात ठेवावे.

हा प्रश्न विरळ नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या ‘सर्च’ संस्थेतील सहकाऱ्यांनी १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७७२ स्त्रियांच्या प्रसूतीचा व सूतिकाकालाचा प्रत्यक्ष गावात राहून अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घ प्रसव शेकडा १०.१ व विकृत गर्भोदय शेकडा ४ स्त्रियांत आढळला. म्हणजे प्रत्येक २५ गर्भिणींमागे एक. वर्षाला शंभर गर्भिणी तपासणाऱ्या वैद्याने आपल्याकडे यांतील चार स्त्रिया येऊन गेल्या असे समजूनच वागावे.

उदरपरीक्षण

जर्मन प्रसूतिविद लिओपोल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे चार स्पर्श आपण सर्वांनी प्रसूतितंत्राच्या अभ्यासक्रमात शिकलेले आहेत. सोनोग्राफी सुलभ झाल्यापासून हात लावण्याची सवय मात्र कमी झाली. परीक्षणापूर्वी मूत्रत्याग करवावा, गर्भिणीस उताणे निजवून गुडघे थोडे दुमडावेत, आपले हात कोमट असावेत. दीर्घकाळ उताणे ठेवू नये. चक्कर आल्यास डाव्या कुशीवर वळवावे.

पहिल्या स्पर्शात गर्भाशयाच्या माथ्यावर काय आहे ते पाहावे. मऊ, रुंद व धडासह हलणारा भाग हा नितंब. कठीण, गोल व बोटांनी टिचकावले असता मोकळा हलणारा भाग हे शीर. दुसऱ्या स्पर्शात दोन्ही कुशींवर तळहात ठेवून एका बाजूस सलग पाठ व दुसऱ्या बाजूस हातापायांचे उंचवटे ओळखावेत. तिसऱ्या व चौथ्या स्पर्शात कटीच्या वर कोणता भाग आहे व तो स्थिरावला की हलता आहे ते पाहावे. तेथे रिकामे लागल्यास, गर्भाशयाची उंची महिन्याच्या मानाने कमी व उदर आडवे पसरलेले असल्यास तिर्यक् स्थितीची शंका घ्यावी. हृदयध्वनी शीर्षोदयात नाभीच्या खाली व स्फिगुदयात बहुधा नाभीच्या पातळीस अथवा वर ऐकू येतो. मातेलाही विचारावे. बरगडीखाली कठीण गोळा टोचतो आणि लाथा ओटीपोटात लागतात असे ती सांगत असेल, तर शीर वर असण्याचा संभव आहे.

शंका आल्यास सोनोग्राफीने निश्चिती करावी. गर्भाचा उदय व स्थिती पाहणे हे गर्भलिंगनिदान-प्रतिबंधक कायद्यान्वये मान्य असलेले कारण असून फॉर्म ‘एफ’ मध्ये त्याचा उल्लेख आहे. तेव्हा चिठ्ठीवर कारण स्पष्ट लिहावे. अपरेचे स्थान व गर्भोदकाचे प्रमाण हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

‘फिरविण्याच्या औषधा’ची परीक्षा

येथे एका चिनी प्रयोगाचा दाखला उद्बोधक ठरेल. चिनी वैद्यकात पायाच्या करंगळीच्या नखाजवळील बिंदूस दवण्याच्या कुळातील वनस्पतीच्या पेटत्या कांडीने शेक देऊन गर्भ फिरविण्याची पद्धत आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेहतिसाव्या आठवड्यातील २६० प्रथम गर्भिणींचे दोन गट केले गेले. शेक दिलेल्या १३० पैकी ९८ जणींत पस्तिसाव्या आठवड्यात शीर खाली आले होते. हा आकडा पाहून कोणीही प्रभावित होईल. परंतु ज्यांना काहीच दिले नव्हते त्या १३० पैकी ६२ जणींतही शीर खाली आलेच होते. पुढील अभ्यासांत शेकाचा एवढा स्पष्ट लाभ सर्वत्र दिसला नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा ६२ हा आहे. तेहतिसाव्या आठवड्यात आपण कोणताही क्वाथ, कोणतेही तैल, अथवा नुसती खडीसाखर दिली, तरी जवळजवळ निम्म्या गर्भिणी ‘गुण आला’ असेच सांगणार. वैद्याची कीर्ती होते, औषधाची मागणी वाढते, आणि ज्या निम्म्या जणींत गर्भ फिरला नाही त्या औषधाच्या भरवशावर नववा महिना घालवितात. हानी औषधाने होते असे नाही. ती गेलेल्या वेळाने होते.

हातापायांवर ओणवे राहण्याच्या व्यायामाचेही तसेच आहे. २००४ साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या, अडीच हजारांहून अधिक गर्भिणींच्या अभ्यासात, शेवटच्या आठवड्यांत असा व्यायाम केलेल्या व न केलेल्या स्त्रियांत प्रसवसमयी पश्चात्-शीर्ष स्थितीचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. कंबरेस आराम वाटत असल्यास हा व्यायाम करण्यास हरकत नाही. त्याने बाळ फिरेल असे आश्वासन मात्र देऊ नये.

छत्तिसाव्या आठवड्यानंतर

छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत वाट पाहणे युक्त आहे, त्यानंतर नाही. या वेळी शीर खाली नसल्यास गर्भिणीस शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातील प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे. तेथे तीन मार्ग उपलब्ध असतात. पहिला, बाहेरून हाताने गर्भ फिरविण्याचा. प्रथम गर्भिणीत छत्तिसाव्या व इतरांत सदतिसाव्या आठवड्यापासून, सोनोग्राफी व हृदयध्वनीवर लक्ष ठेवून, गरज पडल्यास गर्भाशय शिथिल करणारे औषध देऊन हे केले जाते. सुमारे निम्म्या स्त्रियांत यश येते. साधारण दोनशेत एकीला तत्काळ सिझेरियन करावे लागते, म्हणूनच ही क्रिया शस्त्रक्रियागृहाच्या जवळच करावयाची असते. अपरा खाली असणे, रक्तस्राव, जुळे अथवा पाणमोट फुटलेली असणे यांत ती वर्ज्य होय. सुईणीने अथवा मालीशवालीने तेल लावून पोट चोळून मूल फिरविणे ही याच क्रियेची घरगुती आवृत्ती नव्हे. त्यात अपरा सुटून आत रक्तस्राव होऊ शकतो आणि तो बाहेरून दिसतही नाही.

दुसरा मार्ग योजनापूर्वक सिझेरियनचा. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २६ देशांतील २,०८८ स्त्रियांच्या अभ्यासात, स्फिगुदय असताना योजनापूर्वक सिझेरियन केलेल्या गटात बालकाचा मृत्यू वा गंभीर इजा शेकडा १.६ व योनिमार्गे प्रसव योजलेल्या गटात शेकडा ५ आढळली. २००४ मध्ये आलेल्या दोन वर्षांच्या पाठपुराव्यात, ज्या बालकांचा पाठपुरावा झाला त्यांच्या मृत्यू वा विकासमांद्य यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्यामुळे तिसरा मार्ग, म्हणजे निवडक स्त्रियांत अनुभवी हातांनी रुग्णालयातच स्फिक्-प्रसव, आजही काही ठिकाणी खुला आहे. कोणता मार्ग घ्यावा हे तेथील तज्ज्ञ व कुटुंब यांनी ठरवावे. घरी प्रसूती हा चौथा मार्ग नाही, एवढे आपण ठामपणे सांगावे. आडवे मूल अथवा दर तपासणीस बदलती स्थिती सदतिसाव्या आठवड्यानंतरही राहिल्यास वेदनांची वाट न पाहता रुग्णालयात राहण्याचाच सल्ला द्यावा.

आपण काय करू शकतो

मग वैद्याला काही करावयाचे उरले नाही काय ? तसे नाही. मासानुमासिक परिचर्येत आठव्या महिन्यात सस्नेह क्षीरयवागू, नवव्यात मधुरौषधसिद्ध तैलाचा अनुवासन बस्ती व योनिपिचू सांगितला आहे. यांचा हेतू अपानाचे अनुलोमन, मलावष्टंभनाश, कटी-कुक्षी-पार्श्वांचे मार्दव आणि बलरक्षण हा आहे. ग्रंथात कोठेही ते गर्भ फिरविण्याचे औषध म्हणून सांगितलेले नाही, आणि आपणही तसे सांगू नये. अपरा खाली नसल्याची खात्री झाल्याविना पिचू वा बस्ती देऊ नये; रक्तस्राव, पाणी जाणे वा अकाली वेदना असताना तर मुळीच नाही. पांडूची चिकित्सा, पुरेसा आहार, रक्तदाब व वजनाची नोंद ही कामे आपल्या हातची आहेत. रक्ताल्पता दूर केलेली स्त्री सिझेरियनही अधिक चांगले सोसते. वेदनांच्या वेळी कांडण-कुटणाचे व्यायाम करविण्याच्या मताचा आत्रेयांनी केलेला निषेधही घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांस समजावून सांगण्याजोगा आहे.

औषधालयचालकांसाठी

१) ‘मूल फिरवायची गोळी’ किंवा ‘सुलभ प्रसूतीचा काढा’ मागणाऱ्यास प्रथम विचारावे : कितवा महिना, शेवटची तपासणी केव्हा झाली, डोके खाली आहे असे कोणी सांगितले आहे काय ? उत्तर समाधानकारक नसेल तर औषधाऐवजी पत्ता द्यावा.

२) वेदना आणण्यासाठी एरंडतैल देऊ नये. मार्ग अडलेला असताना गर्भाशयाला उत्तेजन देणे म्हणजे त्यास विदारणाकडे नेणे होय.

३) लांगली, म्हणजे आपली कळलावी, पावसाळ्यात कोकणच्या रानात सहज दिसते, तिच्या नावातच तिचा लौकिक उपयोग आहे. तिच्या कंदात कोल्चिसीन हे तीव्र विष असते व औषधी नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये तिचा समावेश आहे. तिचा कंद प्रसूतीसाठी कोणासही देऊ नये.

४) ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन वा मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या चिठ्ठीवाचून देणे हा कायद्याचा भंग तर आहेच, आडव्या मुलाच्या बाबतीत तो मातेचा घात ठरतो.

आपल्या परिसरातील अडचणी

उमरोळी हे पश्चिम रेल्वेवर पालघर व बोईसर यांच्या मधले स्थानक. एका बाजूस तारापूरची औद्योगिक वसाहत, पश्चिमेस सातपाटी-मुरबे यांसारखी मच्छीमार गावे, पूर्वेस डोंगरापर्यंत पसरलेले आदिवासी पाडे. या तिन्हींकडील गर्भिणींची अडचण निरनिराळी आहे. कारखान्यातील परप्रांतीय कामगाराची पत्नी आठव्या महिन्यात गावाहून येते किंवा गावी जाते. तिचे कागद एकीकडे व ती दुसरीकडे असते. पहिलटकरीण माहेरी येते तेव्हा तिची अखेरची तपासणी सासरी झालेली असते. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या काळातील छत्तिसावा आठवडा कोणाच्याच नोंदीत येत नाही.

पावसाळ्यात अंतर किलोमीटरांत मोजून चालत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील मरकटवाडी येथे एका मातेची अपुऱ्या दिवसांत घरीच प्रसूती होऊन जुळी बालके दगावली आणि रस्ता नसल्याने तिला झोळीतून सुमारे तीन किलोमीटर न्यावे लागले. तेथे कारण गर्भस्थितीचे नव्हते. परंतु अशा पाड्यावर आडवे मूल असल्याचे वेदना सुरू झाल्यावर कळले, तर काय होईल याची कल्पना त्यावरून यावी. तेच चार आठवडे आधी कळले, तर ती स्त्री दिवसाउजेडी, वाहनाने, सोबतीसह रुग्णालयाजवळ येऊन राहू शकते. उदरपरीक्षणाने मिळते ते हे चार आठवडे.

यासाठी माता व बाल संरक्षण कार्डावर गर्भोदय, तपासणीचा दिनांक व आठवडा स्वच्छ मराठीत लिहावा. आशाताई व परिचारिका यांना दूरध्वनीने कळवावे. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस शासकीय केंद्रांवर होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातील तपासणीची तारीख कागदावर लिहून द्यावी. शासकीय रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन व वाहन जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये २०११ पासून विनामूल्य आहे, हे अद्याप अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. खर्चाच्या भीतीने ती घरी थांबतात.

तातडीचे प्रसंग

शीर खाली नसताना पाणी जाणे, हात-पाय वा नाळ दिसणे, रक्तस्राव, वेदनांत पोट सतत ताठ राहणे, अथवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही आढळल्यास १०८ क्रमांकास त्वरित दूरध्वनी करावा. नाळ बाहेर आली असल्यास ती आत ढकलू नये, हाताळू नये. गर्भिणीस गुडघे व छाती टेकवून, कंबर उंच राहील असे ठेवावे. वाहनात डाव्या कुशीवर, कंबरेखाली उशी देऊन न्यावे. बाहेर आलेला हात वा पाय ओढू नये. सोबत चिठ्ठी द्यावी आणि जेथे पाठविले तेथे आधी कळवावे.

उपसंहार

१८६५ साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी घेताना प्रबंधासाठी आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता. आपल्या प्राचीन ज्ञानाचा परिचय त्यांनी परदेशात करून दिला. आपल्याला तो प्रत्यक्ष व्यवहारात आणावयाचा आहे. सुश्रुतांनी स्पर्शाला प्रमाण मानले, संकट ओळखून संमती घेण्यास सांगितले, असाध्य ते असाध्य म्हटले. आठव्या महिन्यापासून प्रत्येक भेटीत उदरस्पर्श, छत्तिसाव्या आठवड्यास निश्चित निदान, आणि शीर खाली नसल्यास त्याच आठवड्यात योग्य ठिकाणी रवानगी, ही त्रिसूत्री आपल्या प्रत्येक चिकित्सालयात पाळली जावी. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही; दोन हात, कोमट तळवे आणि पाच मिनिटांचा वेळ पुरेसा आहे.